पूर्वेची हॉकी, पश्चिमेची हॉकी

अमेरिकेतल्या कॉलेजांत हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. तिथल्या प्रेक्षकांत एक भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पूर्वेची कॉलेजे सरस की पश्चिमेची? पूर्व म्हणजे बॉस्टन आणि आसपासचा मुलूख. पश्चिम म्हणजे मिनेसोटा, मिशिगन, नॉर्थ डकोटा, कोलोरॅडो. एका बाजूचा संघ वर चढला, की दुसरी बाजू म्हणते, दुबळ्यांना हरवून मोठे झालेत.

दोन्हीकडचे संघ बहुतेक सामने आपापल्या भागातच खेळतात, एकमेकांशी गाठ क्वचित पडते. मग जे दर आठवड्याला दिसते तेच प्रेक्षकाला श्रेष्ठ वाटू लागते. म्हणून राष्ट्रीय स्पर्धेच्या १६ जागा कुणाच्या मतावर सोडलेल्या नाहीत. सहा लीगचे विजेते थेट येतात. उरलेल्या दहा जागा निकाल आणि प्रतिस्पर्ध्यांची ताकद यांच्या गणितावर ठरतात. पण ही ताकद मोजायला पूर्व-पश्चिमेचे मोजकेच सामने हाती असतात, त्यामुळे वाद काही मिटत नाही.

२०१४ मध्ये याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पश्चिमेच्या बलाढ्य मिनेसोटासमोर पूर्वेचे, न्यूयॉर्क राज्यातले छोटे युनियन कॉलेज उभे होते. तेव्हा खेळासाठी शिष्यवृत्ती न देणारे हे कॉलेज ७-४ ने जिंकले. नावावरून आणि गावावरून संघ जोखणाऱ्यांना याहून चोख उत्तर नसेल.

हे भांडण कधी मैदानातही उतरले. याच स्पर्धेच्या १९७६ च्या उपान्त्य सामन्यात तर मिनेसोटा आणि बॉस्टन युनिव्हर्सिटी यांचे खेळाडू सुरुवातीलाच बाकांवरून उठून एकमेकांवर धावून गेले. मिनेसोटाचे प्रशिक्षक होते हर्ब ब्रुक्स. चारच वर्षांनी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा संघ त्यांच्या हाताखाली उतरला. त्यात निम्म्याहून जास्त मुले मिनेसोटा राज्यातली होती. पण कर्णधार माइक इरुझिओनी आणि गोलरक्षक जिम क्रेग दोघेही बॉस्टन युनिव्हर्सिटीचे. लेक प्लॅसिडच्या त्या ऑलिंपिकमध्ये याच संघाने सोव्हिएत संघाला ४-३ असे हरवले. क्रेगने गोल राखला, निर्णायक गोल इरुझिओनीचा. ब्रुक्स यांनी आपपरभाव बाजूला ठेवला, ही त्यांची मोठी कामगिरी मी मानतो.

श्रोतेहो, तुमची मुले, भाचरे तिकडे शिकत असतील आणि आपल्याच बाजूच्या हॉकीचे गोडवे गात असतील, तर त्यांना एवढेच विचारा: दुसऱ्या बाजूचे सामने तू किती पाहिलेस?