शाळेची खबर घरी, घरची खबर शाळेत



दसरा झाला की आपल्या खानदेशात दोन कामांची एकदमच घाई उडते. शेतात कपाशीची बोंडे फुटतात आणि वेचणीला माणूस मिळेनासा होतो. दुसरीकडे चाळीसगावच्या तांड्यांवर आणि साक्रीकडच्या पाड्यांवर ऊसतोडीच्या मुकादमांचे निरोप यायला लागतात. दिवाळीची पणती विझते न विझते तोच भांडीकुंडी, कोयते, कोंबड्या आणि लेकरेबाळे ट्रकमध्ये चढतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांवर जातो, कोणी गुजरातेत बारडोली-सुरतेकडे.

याच दिवसांत शाळेत काय चालते? गुरुजी हजेरी घेत असतात. "हजर", "हजर" असा सूर लागलेला असतो आणि मध्येच एखाद्या नावापाशी वर्ग गप्प होतो. मग मागून कोणीतरी सांगते, "गुर्जी, तो कपाशी वेचाले गया." आणखी एक नाव येते. त्याला उत्तर मिळते, "त्यास्ना घरले कुलूप शे."

आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते या दोन नावांविषयी. एक पोर गावात असून शाळेत नाही. दुसरे गावातच नाही. दोघांचेही नुकसान होते, आणि त्यातले पुष्कळसे नुकसान केवळ एका निरोपावाचून होते. घरची खबर शाळेला कळत नाही आणि शाळेची खबर घराला कळत नाही, एवढेच त्याचे कारण असते.

प्रथम थोडा हिशेब करू. आपण शेतकरी माणसे, हिशेबाला भिणारी नव्हे. शिक्षणहक्काचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यात म्हटले आहे की पहिली ते पाचवीची शाळा वर्षातून निदान 200 दिवस भरली पाहिजे आणि सहावी ते आठवीची 220 दिवस. आता समजा, तुमचा मुलगा कपाशीच्या दिवसांत आठवड्यातून दोन दिवस घरी राहिला. दहा आठवड्यांत वीस दिवस गेले. म्हणजे 200 दिवसांचा दहावा हिस्सा. दहा पोत्यांतले एक पोते आपण मापाड्याला असेच सोडून देऊ का? आणि जे कुटुंब दिवाळीनंतर जाऊन होळीच्या पुढे परतते, त्याच्या लेकराचे शंभराच्या आसपास दिवस जातात. तिथे तर निम्मे पीकच गेले म्हणायचे.

आपण म्हणाल, "गुरुजी, हे सांगायला सोपं आहे. वेचणीला उशीर झाला आणि वरून पाऊस आला तर कापूस भिजतो, त्याचा भाव पडतो. उचल घेतली आहे ती फेडायला नको का?" खरे आहे. ज्याच्या घरी चूल पेटायची आहे त्याला मी रिकामा उपदेश करणार नाही. मी स्वतः जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवले. माझ्या हातून झालेली एक चूक आज मी आपल्यापुढे मांडतो. तिच्यातून बोध घ्यायचा तर अवश्य घ्यावा.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. होळी होऊन गेली होती. ऊसतोडीवरून परतलेली एक बाई आपल्या मुलीला घेऊन शाळेच्या दारात उभी राहिली. पोर तिसरीतली. परीक्षा तोंडावर आली होती, मी कागदांच्या ढिगात बसलो होतो. मान वर न करताच म्हणालो, "आता काय उपयोग? आता जूनमध्ये या." माझ्या मनात एवढेच होते की चार महिने बुडाले आहेत, जूनपासून नीट सुरुवात करू. पण त्या माउलीने त्यातून काय ऐकले? शाळेने पोरीचे नाव काढून टाकले, असे तिने ऐकले. ती काही बोलली नाही, मुलीचा हात धरून निघून गेली. जून आला, शाळा भरली, पण मुलगी आली नाही. मी घरी गेलो तेव्हा तिच्या कडेवर धाकटा भाऊ होता. आई म्हणाली, "तुम्हीच नको म्हटलं ना, गुरुजी?" त्या पोरीची शाळा तिथेच सुटली. ती गैरहजर राहिली म्हणून नव्हे. माझ्या तोंडून अर्धा निरोप गेला आणि उरलेला अर्धा द्यायला मी वेळेवर गेलो नाही, म्हणून.

म्हणून पालकांना मी आज तो उरलेला अर्धा निरोप सांगतो. नीट कान देऊन ऐका आणि शेजारच्यालाही सांगा.

6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत शिक्षण हा हक्क आहे. आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. वर्षाच्या मध्येच आले म्हणून शाळेने प्रवेश नाकारायचा नाही. जन्माचा दाखला हाताशी नाही म्हणूनही नाकारायचा नाही. गाव बदलले तर दुसऱ्या सरकारी वा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे, मग ते गाव आपल्या राज्यातले असो की परराज्यातले. मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला लगेच द्यायचा असतो. तो यायला उशीर झाला, तरी तेवढ्यासाठी नव्या शाळेने मुलाला बाहेर ठेवायचे नाही. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना शाळेत दाखल करून घेणे ही त्या त्या ठिकाणच्या स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. हे सर्व कायद्यात लिहिलेले आहे. तेव्हा दारात भीत भीत उभे राहू नका.

आता ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी दोन वाटा सांगतो.

पहिली वाट अशी. लेकरू बरोबर न्यायचेच असेल तर निघण्यापूर्वी शाळेत या आणि शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. त्यावर मुलाचे नाव, इयत्ता आणि त्याची प्रगती लिहिलेली असते. जिथे जाल तिथल्या जवळच्या शाळेत ते दाखवायचे. परत आल्यावर तेच कार्ड घेऊन आपल्या शाळेत यायचे. रेशनकार्ड जपता तसे ते जपून ठेवा.

दुसरी वाट म्हणजे लेकरू गावीच ठेवण्याची. "पोरगीले कोनाकडे ठेवानं, गुर्जी?" असा प्रश्न मला तांड्यावर किती वेळा विचारला गेला असेल! गावात आजी-आजोबा, काका-काकू असतात, पण त्यांच्याच खाण्याची ओढाताण असते. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल आपल्याच माणसांत राहते, शाळेत जाते आणि त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय होते. ही सोय आपल्या गावाला मंजूर आहे की नाही, याची चौकशी मात्र आधी करावी लागते. किती कुटुंबे जाणार, किती मुले मागे राहणार, याची यादी शाळेला वेळेवर मिळाली तरच पुढची हालचाल होते. ट्रक सुटल्यावर यादी करून काय उपयोग?

जे गुजरातेत जातात त्यांना तर मी आग्रहाने ही दुसरी वाट सुचवीन. तिकडच्या गावातली शाळा बहुधा गुजराती असते. आपले पोर घरी अहिराणी किंवा भिली बोलते, शाळेत मराठी अक्षरे शिकू लागते, आणि एवढ्यात त्याच्यापुढे तिसरीच भाषा येते. लहानसा जीव तो, गोंधळून जातो आणि दिवसभर पडावावर धाकट्यांना सांभाळत बसतो. यात त्याचा काय दोष?

पण ही यादी करायची कोणी? श्रोते हो, इथे तुमच्या-आमच्या हातातले एक साधन आहे, ते म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. पुष्कळांना वाटते, ती कुठल्या तरी कचेरीतली समिती असेल. तसे नाही. तिच्यातले शेकडा 75 सभासद पालक असले पाहिजेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा असतो. शाळेच्या कारभारावर नजर ठेवणे, शाळेचा विकास आराखडा करणे, आलेला पैसा कसा खर्च झाला ते पाहणे, ही तिची कामे आहेत. तिची सभा महिन्यातून एकदा तरी व्हावी अशी अपेक्षा आहे.

सभा होतात, नाही असे नाही. पण त्या कशा होतात? वही घरोघर फिरते आणि सह्या होतात. बाई सभासद असेल तर तिच्या नावापुढे तिचा नवरा सही करतो. अशा सभेला सभा कोण म्हणेल? दसऱ्याआधीची एक सभा तरी खरीखुरी भरवा. तिच्यात तीनच विषय घ्या: वेचणीच्या दिवसांत कोणाची मुले घरी राहतात, ऊसतोडीला कोणती घरे जाणार आहेत, आणि मागे राहणाऱ्या मुलांची सोय कशी करायची. जे ठरेल ते इतिवृत्तात लिहा आणि लिहिलेले सर्वांना वाचून दाखवा. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी दर रविवारी गीतेवर बोलत. साने गुरुजी ते लिहून घेत, म्हणून ती अठरा प्रवचने आज आपल्या घरात आहेत. आपली सभा काही तेवढी थोर नव्हे, पण नियम तोच. बोललेले वाऱ्यावर जाते, लिहिलेले मागे राहते आणि पुढच्या महिन्यात त्याचा जाब विचारता येतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता दोन शब्द तुमच्याशी. साने गुरुजींचे नाव निघालेच आहे म्हणून सांगतो. 1924 पासून 1930 पर्यंत ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय दैनिक' काढले होते. त्याला छापखाना नव्हता. गुरुजी स्वतःच्या हाताने ते लिहीत आणि मुले ते वाचण्यासाठी वाट पाहत. शाळेची खबर अशी प्रेमाने दिली की ती ऐकायला माणूस आपण होऊन येतो.

आपली सूचना कशी असते? "सर्व पालकांना कळविण्यात येते की" अशी ती सुरू होते आणि फळ्यावर उन्हात वाळत पडते. आता ती भ्रमणध्वनीवरच्या गटातही जाते. पण ज्या आईला वाचता येत नाही, तिने काय करावे? ज्या घरी एकच फोन आहे आणि तो बापाच्या खिशात शेतावर गेला आहे, त्या घराने काय करावे? तेव्हा सूचना लिहा, पण तोंडानेही सांगा. आठवडे बाजाराच्या दिवशी सांगा, भजनाला लोक जमतात तिथे सांगा. सभा दुपारी अकराला न ठेवता दिवेलागणीनंतर ठेवा, म्हणजे मजुरी न बुडता आई येऊ शकेल. आणि अहिराणी मुलखात अहिराणीत बोला, तावडीत असाल तर तावडी बोला. मूल पहिलीत येते ते घरची बोली घेऊन येते. तिला हसू नका. तिच्याच पायरीवर उभे करून त्याला मराठीच्या ओट्यावर घ्या. बोलीत सांगितलेला निरोप सरळ घरात जातो, हे मी अनुभवाने सांगतो.

आणि सहा महिन्यांनी एखादे पोर दारात उभे राहिले, तर हातातला कागद खाली ठेवा आणि मान वर करून म्हणा, "ये, बस. तुझी जागा आहे." एवढे दोन शब्द मी त्या दिवशी बोललो असतो, तर आज ही गोष्ट सांगण्याची पाळी माझ्यावर आली नसती.

पालक मंडळी, आपणही एवढे कराच. गाव सोडण्यापूर्वी एकदा शाळेत जाऊन या. "गुरुजी, आम्ही निघालो, अमुक महिन्यात येऊ," इतके सांगा आणि कार्ड घ्या. वेचणीला पोर लागतेच असे वाटले, तर निदान शनिवार-रविवारची सुट्टीची वेळ पाहा, भरल्या शाळेतून त्याला उठवू नका. थोरल्या मुलीला धाकट्यासाठी घरी ठेवत असाल, तर धाकट्याला अंगणवाडीत घाला आणि तिला शाळेत धाडा. परत आलात की पाहुण्यांच्या घरी जाण्यापूर्वी पोराला शाळेत नेऊन बसवा. जून येण्याची वाट पाहू नका.

कपाशीचे झाड पुढच्या सालीही बोंड धरील. ऊसही पुन्हा उभा राहील. पण तिसरीचे वर्ष त्या लेकराच्या आयुष्यात एकदाच येते. हजेरी घेताना त्याच्या नावापाशी वर्ग गप्प होऊ नये, एवढीच आज आपणा सर्वांना माझी विनंती आहे.