एकटीनं चालायचं म्हणजे

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरातील भाषणाचा मजकूर)



'स्त्रिया आणि सार्वजनिक जागा' या विषयावर बोल, असं मला सांगण्यात आलं. त्यावरची सैद्धांतिक मांडणी आपल्यापैकी बऱ्याचजणींना माझ्याहून चांगली ठाऊक आहे. मी फक्त एका दिवसाबद्दल बोलणार आहे. मागच्या ऑक्टोबरात एका प्रशिक्षणासाठी मी अमेरिकेत, न्यू जर्सीत होते. तिथे अपालेचियन ट्रेल नावाच्या पायवाटेवर पाठीवर सॅक घेऊन मी अख्खा दिवस एकटी चालले.

ही वाट दक्षिणेला जॉर्जियापासून उत्तरेला मेनपर्यंत जाते. १४ राज्यं, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. १९२१ साली तिची कल्पना मांडली गेली, १९३७ साली ती सलग झाली. मी चालले ते जेमतेम १६ किलोमीटर, डेलावेअर नदीच्या खिंडीतून वर चढून डोंगराच्या धारेनं. तेव्हा पराक्रमाची गोष्ट ऐकायला कुणी बसली असेल तर तिची निराशा होईल.

निघण्याआधी सगळ्यांनी एकच विचारलं, "एकटी?" तिथल्या सहकारी बाईंनी विचारलं, आईनं फोनवर विचारलं. नवऱ्यानं विचारलं नाही, पण पोचल्यावर फोन कर म्हणून तीनदा बजावलं. प्रश्न खोटा नव्हता. १९९६ साली याच वाटेजवळ, व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात, तंबूत राहिलेल्या दोन तरुणींचे खून झाले. खुनी कोण हे डीएनए तपासणीतून २०२४ साली कळलं, तोवर तो मरून गेला होता. हे माहीत असूनच मी निघाले. पण संयुक्त राष्ट्रांचा एक अहवालही मला माहीत होता. २०२३ या एका वर्षात जगभरात सुमारे ५१ हजार बाया आणि मुली जोडीदाराच्या किंवा घरातल्याच माणसाच्या हातून मारल्या गेल्या. रोजच्या १४०. आपल्या सल्ला केंद्रातून बाईला समजूत घालून परत सासरी पाठवतात, तेव्हा तिला "एकटी?" असं कुणी विचारतं का?

एमा गेटवुड ही ओहायोतली शेतकरी बाई. ११ मुलं. नवऱ्यानं वर्षानुवर्षं मारलं, १९४१ साली ती त्यातून कायद्यानं सुटली. १९५४ साली ती या वाटेवर गेली, पण वाट चुकली, चष्मा फुटला, वनरक्षकांनी घरी जायला सांगितलं. पुढच्याच वर्षी, वयाच्या ६७व्या वर्षी, मे ते सप्टेंबर या काळात ती सबंध वाट एकटी चालली. एका मोसमात असं करणारी ती पहिली बाई. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली झोळी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. मुलांना सांगितलं, फिरायला जाते. वर्तमानपत्रवाले तिच्या हिमतीचं कौतुक करायला आले, तर तिनं त्यांना वाटेची दुरवस्था ऐकवली. मला ही बाई इथे फार आवडते.

कारण त्या दिवशी मला चालवलं ते हिमतीनं नव्हे. झाडांवर ठरावीक अंतरानं पांढऱ्या रंगाचे पट्टे आहेत, पाच सेंटिमीटर रुंद, पंधरा उंच. एकावर एक दोन पट्टे दिसले की समजायचं, वळण आहे. हे पट्टे स्वयंसेवक रंगवतात, आडवी पडलेली झाडंही तेच कापतात. कुणालाही विचारावं लागत नाही. "बाई, कुठं निघालात?" याला उत्तर द्यावं लागत नाही.

तरी पहिले दोन तास मी पाचोळ्याच्या प्रत्येक आवाजाला दचकत होते. अस्वलाची भीती नव्हती, माणसाची होती. समोरून दोन पुरुष उतरत आले, तेव्हा "मैत्रीण मागून येतेय" असं मी ठोकून दिलं. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही! त्यांनी पुढं पाणी कुठं आहे ते सांगितलं आणि गेले.

मग सनफिश पॉन्ड लागलं, हिमयुगातलं तळं. १९६० च्या दशकात वीज कंपन्यांना ते प्रकल्पासाठी हवं होतं. लोकांनी पायी मोर्चे काढून ते वाचवलं. काठावर बसून पोळी-चटणी खाल्ली. भूक लागली म्हणून, साडेअकरालाच. कुणाला वाढायचं नव्हतं. त्यानंतर धारेवर मी वाटेल तेव्हा थांबले, ससाणे बघितले, गुडघे दुखले तेव्हा चक्क दगडावर आडवी पडले. अकरा किलोचं ओझं होतं, पण सगळं माझंच होतं.

संध्याकाळी मुक्कामाला शौचालय होतं, पाणी होतं, नाव लिहायला वही होती. तीत मी नाव, तारीख, 'एकटी' असं लिहिलं.

आपल्या बाया चालत नाहीत असं थोडंच आहे? डोक्यावर हंडा, मोळी घेऊन, पोर कडेवर घेऊन त्या रोज चालतात. मात्र रिकाम्या हातानं, कारण न सांगता चालणारी बाई गावाला खपत नाही. आणि ते खपवून घेतलं तरी बाजारच्या गावी शौचालय नसतं, शेवटची एसटी केव्हा सुटते त्याचा भरवसा नसतो.

म्हणून उद्या सकाळी आपण गट पाडून चालणार आहोत. एसटी स्टँड ते दवाखाना, शाळा ते पाडा, बाजार ते नदी. दिवा कुठे नाही, पाणी कुठे नाही, बसायला दगडसुद्धा कुठे नाही, ते लिहून आणायचं. कागद आणि खडू त्या टेबलावर ठेवलेत. परतीच्या वाटेवर मात्र प्रत्येकीनं अर्धा तास एकटीनं चालायचं आहे. कोण कुठून वळणार ते आत्ताच ठरवू या.