जादा काम



आपल्याकडे आर्किटेक्चरची मान्य पदवी मिळाली की नोंदणी करता येते. अमेरिकेत तसं नाही. तिथे कामाच्या अनुभवाचे तास भरायचे आणि वर सहा पेपर द्यायचे. त्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही.

मी तिथे नोकरी आणि तान्ही मुलगी सांभाळत अभ्यासाला बसले. व्यवसाय-व्यवस्थापनाच्या पेपरात नापास झाले. पुन्हा बसायला ६० दिवस थांबावं लागतं. करार, विमा, जबाबदारी... पुस्तक उघडवेना. त्यात तेव्हा नियम असा, की पाच वर्षांत सगळे पेपर सुटले नाहीत तर आधी सुटलेलेही एकेक करून बाद! ३० एप्रिल २०२३ला हा नियम गेला. तो बायकांना आणि गौरेतरांना जाचक ठरतो, हे परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच मान्य केलं. मी मात्र तोवर स्वतःलाच आळशी म्हणत होते.

मग आम्ही तिघीजणी दर रविवारी फोनवर करार मोठ्याने वाचू लागलो. मालक आणि आर्किटेक्ट यांच्यातल्या 'बी१०१' या छापील नमुन्यात मूळ काम वेगळं मांडलंय, जादा काम वेगळं, आणि जादा कामाचे पैसेही वेगळे. एकजण वाचता वाचता थांबली. "अगं, ऑफिसात मी वर्षभर हेच करतेय, फुकट!" घरचं तर आम्ही मोजलंच नाही. त्या दिवसापासून ते पुस्तक परक्याचं वाटेना.

दुसऱ्या खेपेला पेपर सुटला. अजून दोन राहिलेत. रविवारचा फोन चालू आहे.