आपले ताट आणि आपले वाळवण

(कारंजा येथे वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय फलकावर लागला तेव्हापासून मला एकच प्रश्न विचारला जात आहे : "सर, तुम्ही मटण बंद करा म्हणणार का?" उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचे ऐकताना कोणाचे मन तिकडे अडकणार नाही. बंद करा असे मी म्हणणार नाही. कमी करा असे म्हणणार आहे, आणि त्याच्या जोडीला परसात व वावरात पिकणारे वाळवून, साठवून ठेवण्याची आपल्या आजीची विद्या पुन्हा हाती घ्या असे म्हणणार आहे.

हा प्रश्न विचारणाऱ्यांची शंका मात्र मला रास्त वाटते. आपल्या समाजाला "काय खाऊ नये" हे सांगणारे नेहमी बाहेरचे होते, आणि त्या सांगण्यात आपल्या पोटाची काळजी कधी नव्हती. भाड्याने खोली मागायला गेलेल्या आपल्या मुलाला आधी जात विचारण्याऐवजी "तुम्ही नॉनव्हेज खाता का" असे विचारतात. अर्थ तोच असतो. वसतिगृहात डबा उघडताना झाकण आडवे धरणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्यात १९९५ साली केलेली दुरुस्ती २०१५ मध्ये राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर लागू झाली, बैल-वळूच्या कत्तलीवर बंदी आली आणि गरिबाला परवडणारे मांस ताटातून गेले. तेव्हा कोणी 'कमी खा' म्हटले की आपले कान टवकारतात, हे स्वाभाविक आहे.

पण आपल्याच माणसाने आपल्याला सांगितले, असेही एकदा घडले आहे. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला जी परिषद भरली, तिच्यात बाबासाहेबांनी लोकांना मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, शिळे-उष्टे मागणे सोडा, असे बजावले. पाण्याचा सत्याग्रह सर्वांना ठाऊक आहे, ताटाविषयीचे हे सांगणे मागे पडते. नीट पाहा, त्यात मांसाहार वाईट असे कुठे म्हटलेले नाही. जे अन्न लाचारीने घ्यावे लागते ते सोडा, एवढाच त्याचा आशय होता. सोडणाऱ्यांचे नुकसान खरे होते, कारण तेच त्यांचे बेगमीचे अन्न होते. मांसाच्या पातळ पट्ट्या कापायच्या, हळद-मीठ लावायचे, दोरीवर उन्हात टाकायच्या आणि घारी-कावळ्यांना हाकलत पोरांनी खाली बसायचे, ही चान्यांची रीत आपल्या वडीलधाऱ्यांना माहीत आहे. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील या स्वयंपाकाची नोंद आदराने आली आहे. पावसाळ्यात काम नसे तेव्हा निखाऱ्यावर भाजलेली चानी आणि भाकर यांवर घर तगे. वाळवण म्हटले की आपल्याला वाड्यातल्या कुरडया-पापड आठवतात. पण टिकवण्याची विद्या आपल्या घरांत फार जुनी आहे, आणि तिची लाज वाटण्याचे काही कारण नाही.

आता धम्म काय म्हणतो ते थोडक्यात. विद्यार्थ्यांमध्ये दोन टोकाची मते ऐकू येतात. एकाला वाटते पहिले शील घेतले म्हणजे मांस वर्ज्यच, दुसऱ्याला वाटते बुद्धाने परवानगी दिली म्हणजे प्रश्न मिटला. मज्झिम निकायातल्या जीवक सुत्तात भिक्खूंसाठी तीन कसोट्या आहेत : आपल्यासाठी प्राणी मारला हे पाहिलेले, ऐकलेले किंवा तसा संशय असलेले मांस घेऊ नये. देवदत्ताने मासे-मांस सर्वांनाच बंद करावे अशी मागणी केली, ती बुद्धाने मान्य केली नाही. (चुंदाच्या घरचे शेवटचे भोजन डुकराचे मांस होते की भूछत्र, हा वाद विद्वानांवर सोडावा, दर वेळी प्रश्नोत्तरांचा निम्मा वेळ त्यात जातो.) 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी तत्त्व आणि नियम यांतला फरक समजावला आहे. नियम माणसाला बांधतो. तत्त्व त्याला विचार करायला मोकळे ठेवते. अहिंसा हे तत्त्व आहे. मारण्याची गरज आणि मारण्याची हौस या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या आहेत.

या दृष्टीने मला सम्राट अशोकाचा पहिला गिरनार शिलालेख फार मोलाचा वाटतो. पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात रोज लक्षावधी प्राणी मारले जात. आता फक्त तीन, दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण नेहमी नाही. आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असा त्याचा आशय. राजा स्वतःच्याच स्वयंपाकघराचा हिशेब दगडावर कोरून जाहीर करतो. आधी इतके होते, आज इतके आहे, उद्या इतके असेल. एका दिवसात पुण्यवान झाल्याचा दावा त्यात नाही. 'कमी करणे' यालाही धम्मात जागा आहे याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

मग कमी का करायचे? जगाचे कारण आधी सांगतो. जगातील अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली केलेल्या हिशेबानुसार मानवी कृतींमुळे हवेत जाणाऱ्या उष्णतावर्धक वायूंपैकी सुमारे साडेचौदा टक्के वायू पशुपालनातून येतात. २०२३ च्या नव्या हिशेबात हा आकडा सुमारे बारा टक्के आहे. पण हा बोजा आपल्या डोक्यावर नाही. अमेरिकेत माणशी वर्षाला शंभर किलोच्या वर मांस लागते. भारताची सरासरी त्याच्या दहाव्या हिश्शालाही पोचत नाही. पडीक रानात चरणाऱ्या चार शेळ्या पाळणाऱ्या विधवेला जगाच्या तापमानाबद्दल जबाबदार धरणे हा अन्याय होईल.

आपले कारण आपल्या तालुक्यातच आहे. कारंज्याच्या बाजार समितीच्या आवारात दिवाळीच्या सुमारास उभे राहून पाहा : सोयाबीनच सोयाबीन. एक क्विंटल सोयाबीनमधून साधारण अठरा किलो तेल निघते. बाकीचा मोठा भाग पेंड म्हणून जातो, आणि ही पेंड मुख्यतः कोंबडीखाद्यात पडते. ब्रॉयलर कोंबडी एक किलो वजन वाढवायला दीड ते दोन किलो खाद्य खाते. त्या एका किलोतही पिसे, आतडी, हाडे वजा जातात. म्हणजे ज्या दाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने आहेत तो दाणा आपण विकतो, कोंबडीच्या वाटेने फिरवून आणतो आणि आपल्याच मजुरीच्या पैशाने विकत घेतो. वाटेत दलाल, तेल गिरणी, खाद्य कारखाना, कंपनी, चिकन सेंटर, सगळ्यांचा वाटा निघतो.

आणि या सोयाबीनने वावरातून काय घालवले ते वडीलधाऱ्यांना विचारा. पूर्वी पऱ्हाटीच्या काही तासांनंतर तुरीचे तास असे. ज्वारीत मूग, उडीद, बरबटी असे. धुऱ्याला अंबाडी असे. सालदाराच्या बाईला संध्याकाळी ओटीत भाजी मिळे. अंबाडीच्या पाल्याची भाजी, बियांची चटणी आणि तागाचा दोर, असे एका झाडाचे तीन उपयोग. आज सलग पेरा आहे, वर तणनाशक आहे. तरोटा, कुंजरू, घोळ, चिवळ या फुकटच्या भाज्या तणनाशकाने मारल्या आणि आठवडी बाजारातून आपण फवारलेली फुलकोबी आणू लागलो. शेतकऱ्याला यात सर्वस्वी दोष देता येत नाही. ज्वारीला भाव नव्हता आणि रानडुकरे, पाखरे उभे पीक ठेवत नव्हती.

इथे एक इशारा दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आहे. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नात नसते. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. म्हणून कमी करायचेच असेल तर घरातल्या कर्त्या पुरुषाच्या ताटातून आधी कमी करा. गरोदर सुनेचे आणि वाढत्या लेकराचे अंडे कमी करू नका. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी थांबवला. माझ्या मते ते अंडे राहायला हवे होते, आणि मांस कमी करा असे सांगणाऱ्या माणसाने हे बोललेच पाहिजे.

आता वाळवणाकडे वळतो, कारण खरा आधार तिथे आहे. आठवड्यातून दोनदा मटण-चिकन होते ते एकदा करायचे, तर दुसऱ्या दिवशी ताटात चवीचे काहीतरी हवे. पातळ वरण-भात पाहून पोरे हॉटेलकडे पळतात.

आपल्या गावातील जैन घरांकडे पाहा. चातुर्मासात त्यांच्यात पालेभाजी वर्ज्य, म्हणून उन्हाळ्यातच वड्या, पापड, डाळी यांची बेगमी होते आणि त्यांचा स्वयंपाक अडत नाही. आपल्याला पालेभाजीचा निषेध नाही. उलट वर्षावास आणि रानभाज्यांचा हंगाम एकच आहे. काही उपासक आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत मांस घेत नाहीत. त्या तीन महिन्यांत तरोटा, कटुले, अंबाडी भरपूर आणि पुढचे नऊ महिने वाळवण, अशी घडी बसू शकते.

करण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे त्या भगिनींनी माफ करावे. हे मुलामुलींसाठी सांगतो. मेथी, अंबाडी, बरबटीचा पाला, शेवग्याचा पाला हे सावलीत वाळवायचे. कडक उन्हात हिरवा रंग जातो आणि त्याबरोबर डोळ्यांना लागणारे जीवनसत्त्वही जाते. गवार, भेंडी, कारले चिरून, उकळत्या मिठाच्या पाण्यातून दोन-तीन मिनिटे काढून, स्वच्छ धोतरावर उन्हात पसरायचे, वरून पातळ कापड टाकायचे. शेंग वाकली तर ओल आहे, मोडताना कट् आवाज आला तर झाले. ताज्या भाजीत बहुतेक पाणीच असते, म्हणून दहा किलोचे एक-दीड किलो हाती लागते. भाव पडतो तेव्हा माघ-फाल्गुनात टमाटराचे असेच करता येते. डब्यात भरण्याआधी भाजी पूर्ण निवू द्यावी, नाहीतर आत घाम सुटून बुरशी येते. कोहळा आणि डांगर यांना तर वाळवण्याचीही गरज नाही. देठासकट, एकमेकांना न टेकवता कोरड्या जागी ठेवले की महिनोनमहिने राहतात. कोहळा किसून मुगाच्या डाळीत वड्या घातल्या तर रश्शाला मटणाच्या मसाल्याची फोडणी सहज पेलते. ज्वारीचे धापोडे, खारोड्या मी मुद्दाम वेगळ्या सांगत नाही, त्या अजून होतात.

मूग, बरबटी उन्हात तापवून, राख किंवा कडुनिंबाचा पाला घालून ठेवावी. भुईमुगाच्या शेंगा भिजल्या आणि दाण्यावर हिरवी-काळी बुरशी आली तर दाणे फेकून द्यावेत. ते विष भाजून-उकळून जात नाही, आणि गरिबीत 'चालते' म्हणून खाल्ले जाते. रक्तदाब असलेल्यांनी लोणचे-पापड बेताने खावेत, त्यात मीठ आणि खार फार.

सोयाबीन घरी खायचे तर कच्चे दळू नये, पचत नाही. निवडून, वीसेक मिनिटे उकळून, वाळवून, मग ज्वारी-गव्हाच्या नऊ भागांत एक भाग दळावे. भाकरीला चव वेगळी लागत नाही. अधिक माहिती हवी असेल त्यांनी रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.

शेवटी एक अवघड गोष्ट. आपल्या लग्नांत हळदीच्या दिवशी मटण द्यावे लागते. अर्धे गाव जेवते, आणि त्यासाठी काढलेले कर्ज पोरीच्या बापाच्या डोक्यावर पुढची दोन-तीन पिके राहते. बुद्धविहारात साधेपणाने मंगल परिणय लावायचा आणि आदल्या रात्री उसनवारीने बोकडे कापायची, यात मला तत्त्व दिसत नाही, नियमही दिसत नाही. फक्त लोक काय म्हणतील हे दिसते. संस्थेच्या कार्यकारिणीपुढे मी लेखी सूचना ठेवली आहे की ज्या घरी हळदीचे जेवण वरण, वांग्याची भाजी, वड्यांचा रस्सा आणि भाकरीवर निभावले जाईल त्या घरी सभागृह आणि भांडी संस्थेने विनामूल्य द्यावीत. ही सक्ती नाही. मटण ज्याला द्यायचे त्याने द्यावे, भाडे भरावे.

दुसरी सूचना सभागृहाच्या गच्चीची. फाल्गुन ते वैशाख ती रिकामी तापत असते. ज्यांच्या घराला पत्रे आहेत, अंगण नाही, अशा भगिनींनी आपापली खाट, धोतर आणि नावाची चिठ्ठी आणावी. माकडे हाकलायला वसतिगृहाची मुले पाळीपाळीने बसतील, त्यांना वाळवणातला वाटा मिळेल. किल्ली पहारेकऱ्याकडे राहील. नावे आजच, जाण्यापूर्वी, दाराजवळच्या वहीत लिहावीत.

जयभीम!