पॅलेस्टिनी स्थानबद्धांचे उपोषण आणि आपले कर्तव्य

(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

अनुवादाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्याला आजच्या विषयाच्या नावापाशीच थबकावे लागते. इस्रायलची लष्करी सत्ता पॅलेस्टिनी माणसांना खटला न भरता तुरुंगात डांबते, आणि त्या कारवाईला 'प्रशासकीय अटक' म्हणते. हा शब्द कानावर पडला की वाटते, कुठल्या तरी कचेरीतली किरकोळ कागदोपत्री बाब असावी. आपल्या भाषेत ह्या गोष्टीसाठी अनुभवातून घडलेला जुना शब्द आहे, तो म्हणजे स्थानबद्धता. ब्रिटिश सरकारने 1941 साली राजपुतान्यातील देवळीच्या छावणीत कॉ. डांगे आणि इतर कम्युनिस्टांना डांबले होते, तेव्हा त्यांच्यावर आरोपपत्र नव्हते, खटला नव्हता, सुटकेची तारीख नव्हती. तेथील स्थानबद्धांनीही अखेर उपोषणाचाच मार्ग धरला. म्हणून ह्या भाषणात मी 'स्थानबद्ध' हाच शब्द वापरणार आहे. तो वापरला की पॅलेस्टिनी कैद्याची कहाणी आपल्याला परकी वाटत नाही.

वसाहतवादाचा वारसा

ही पद्धत इस्रायलने शोधून काढलेली नाही. पॅलेस्टाइनवर ब्रिटिशांचा अंमल असताना 1945 साली संरक्षणविषयक आणीबाणीचे नियम जारी झाले. लष्करी अधिकाऱ्याच्या सहीने कोणालाही बंदिवासात टाकण्याची मुभा त्या नियमांनी दिली. हिंदुस्थानात 1915 चा भारत संरक्षण कायदा आणि 1919 चा रौलट कायदा ज्यांनी केला, त्याच साम्राज्याच्या कारखान्यातला हा माल होता. त्या वेळी हे नियम ज्यू भूमिगतांविरुद्धही वापरले जात होते. म्हणून 1946 साली तेल अवीव येथे ज्यू वकिलांची परिषद भरली आणि तिने ह्या नियमांचा कडक शब्दांत धिक्कार केला. तेथे सर्वांत तिखट बोलणाऱ्या वकिलांपैकी एक, याकोव्ह शिमशोन शापिरा, पुढे इस्रायलचे न्यायमंत्री झाले. नियम मात्र रद्द झाले नाहीत. मालक बदलला, कुलूप तेच राहिले.

1967 साली पश्चिम किनारा आणि गाझा ताब्यात आल्यावर हे हत्यार व्याप्त प्रदेशातील जनतेवर चालू लागले. पश्चिम किनाऱ्यावर आज त्याचा व्यवहार असा चालतो. लष्करी सेनानी एका वेळी सहा महिन्यांपर्यंतच्या स्थानबद्धतेचा हुकूम काढतो. मुदत संपली की हुकूम पुन्हा काढता येतो, आणि अशा फेरहुकुमांना कायद्यात शेवट नाही. लष्करी न्यायाधीश हुकमाची तपासणी करतो. पण ज्या गुप्त फाइलीच्या आधारावर हुकूम निघतो, ती फाइल न्यायाधीश पाहतो, कैद्याला किंवा त्याच्या वकिलाला ती दिसत नाही. जो पुरावा दाखवलाच जात नाही, तो खोडायचा कसा? वकील उभा राहतो, बोलतो, पण कशाविरुद्ध बोलतो आहे हे त्याला ठाऊक नसते.

बिलाल कायेद ह्यांचे उदाहरण घ्या. पॉप्युलर फ्रंट ह्या डाव्या संघटनेचा हा कार्यकर्ता साडेचौदा वर्षांची शिक्षा पूर्ण भोगून 2016 च्या जूनमध्ये सुटणार होता. ज्या दिवशी सुटका व्हायची, त्याच दिवशी त्याच्या हाती स्थानबद्धतेचा हुकूम पडला. त्याने 71 दिवस उपोषण केले, तेव्हा कोठे हुकमाचे नूतनीकरण न करण्याचे आश्वासन मिळाले आणि डिसेंबरमध्ये तो बाहेर आला.

देह हेच एकमेव न्यायालय

खटला असतो तेव्हा कैदी साक्षीदार बोलावतो, उलटतपासणी करतो, अपील करतो. हे सारे दरवाजे बंद केले की त्याच्यापाशी स्वतःच्या देहाखेरीज काही उरत नाही. उपोषण करणारा स्थानबद्ध मरण मागत नाही. त्याची मागणी दोनच शब्दांची आहे: आरोप ठेवा, नाही तर सोडा.

जेनीनजवळच्या अराबे गावचे खादर अदनान ह्यांचा व्यवसाय बेकरीचा. 17 डिसेंबर 2011 रोजी त्यांना अटक झाली आणि त्यांनी अन्न सोडले. पुढे स्थानबद्धतेचा हुकूम निघाला. 66 दिवसांनी, 21 फेब्रुवारी 2012 रोजी, हुकूम वाढवणार नाही असे कबूल करणे सरकारला भाग पडले. त्याच वर्षी 17 एप्रिलला, पॅलेस्टिनी बंदिदिनी, दीड हजाराहून अधिक कैदी सामुदायिक उपोषणात उतरले. हिशाम अबू हवाश ह्यांचे उपोषण 141 दिवस चालले आणि जानेवारी 2022 मध्ये संपले, तेही असेच आश्वासन पदरात पडल्यावर. कॉम्रेड हो, ह्या आश्वासनांचा अर्थ नीट पाहा. हे कैदी खरोखरच सुरक्षेला इतके घातक असते, तर केवळ ते उपाशी राहिले म्हणून त्यांना सोडण्याचा करार कोणी केला असता का? गुप्त फाइलीत काय आहे हे सरकारने ह्या करारांनीच सांगून टाकले आहे.

उपाशी माणसाशी युद्ध

ह्या साध्या मागणीला उत्तर नसल्यामुळे सत्ता मागणीला सोडून देहाशी लढते. उपोषण सुरू होताच कैद्याला एकांतकोठडीत टाकले जाते, कुटुंबाच्या भेटी बंद होतात, तुरुंगामागून तुरुंग बदलले जातात, अशक्त देह लोखंडी आसनांच्या गाडीतून तासन्‌ तास फिरवला जातो. बाहेरच्या डॉक्टरची भेट मिळवायलाही झगडावे लागते. इस्पितळात नेल्यावर बेड्या सुटत नाहीत. अदनान ह्यांचे दोन्ही पाय आणि एक हात खाटेला जखडलेले होते. ज्याला उठून बसण्याचे त्राण नाही, तो पळून जाईल ह्या भीतीने बेड्या घातल्या जात नाहीत. त्या अपमानासाठी असतात.

2017 साली मारवान बरघूती ह्यांच्या नेतृत्वाखाली शेकडो कैद्यांनी 40 दिवस उपोषण केले. त्यांत बहुतेक शिक्षा झालेले होते, आणि मागण्या होत्या कुटुंबाच्या भेटी, दूरध्वनी, औषधोपचार ह्यांच्या. तेव्हा ओफर तुरुंगाबाहेर उजव्या गटाच्या तरुणांनी मांस भाजण्याची मेजवानी मांडली. पुढाऱ्याने चोरून बिस्किटे खाल्ली असे दाखवणारी चित्रफीत तुरुंगखात्याने प्रसिद्ध केली.

सर्वांत भयंकर प्रकार म्हणजे बळजबरीने अन्न भरवणे. जुलै 1980 मध्ये नेगेव वाळवंटातील नफहा तुरुंगातील उपोषणात रासिम हलावे आणि अली अल-जाफरी हे दोन कैदी अशा प्रकाराने मरण पावले. आपल्याला ही नळी ओळखीची आहे. 1929 साली लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दासांच्या नाकातून तीच खुपसली गेली, फुप्फुसाला इजा झाली, आणि 63 व्या दिवशी, 13 सप्टेंबरला, त्यांनी प्राण सोडला.

वैद्यकाची नीती ह्या बाबतीत स्पष्ट आहे. जागतिक वैद्यक संघटनेच्या 1975 च्या टोकियो घोषणेने आणि 1991 च्या माल्टा घोषणेने, शुद्धीवर असलेल्या आणि विचारपूर्वक नकार देणाऱ्या कैद्याला सक्तीने अन्न देणे निषिद्ध ठरवले आहे. तरीही जुलै 2015 मध्ये इस्रायली संसदेने 46 विरुद्ध 40 मतांनी त्याची परवानगी देणारा कायदा केला. त्याच्या नावात उपोषणाने होणारी हानी टाळण्याची भाषा आहे. अनुवादकाला पुन्हा थबकवणारे हे दुसरे नाव. इस्रायलच्याच डॉक्टरांच्या संघटनेने आपल्या सदस्यांना हा कायदा पाळू नका असे सांगितले. ह्या डॉक्टरांचा मान आपण ठेवला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 2016 साली कायदा वैध ठरवला.

त्याच न्यायालयापुढे ऑगस्ट 2015 मध्ये मुहम्मद अल्लान ह्या स्थानबद्ध वकिलाचे प्रकरण आले होते. उपोषणाला दोन महिने होऊन गेले होते. तपासणीत मेंदूला इजा झाल्याचे दिसले, तेव्हा न्यायालयाने स्थानबद्धता तहकूब केली. मेंदूची हानी कायमची ठरली तर त्याच्यापासून धोका उरत नाही, असा हा तर्क होता. प्रकृती सुधारताच त्याला पुन्हा पकडण्यात आले. माणूस धड असेल तर धोकादायक, मोडला तर निरुपद्रवी! स्थानबद्धतेच्या न्यायशास्त्राचे सार ह्याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

2023 नंतर

खादर अदनान ह्यांना फेब्रुवारी 2023 मध्ये पुन्हा पकडले. ह्या वेळी त्यांच्यावर आरोपपत्र होते. उपोषण 80 दिवसांच्या पुढे गेले. त्यांना भेटलेल्या डॉक्टरांनी जिवाला धोका असल्याचा इशारा देऊन इस्पितळात हलवण्याची मागणी केली होती. 2 मे 2023 रोजी ते कोठडीत बेशुद्ध आढळले आणि मरण पावले. त्याच वर्षाच्या आरंभी सुरक्षामंत्री बेन-ग्वीर ह्यांनी कैद्यांसाठी भाकरी भाजणाऱ्या तुरुंगातील बेकऱ्या बंद करवल्या होत्या.

ऑक्टोबर 2023 च्या आरंभी खटल्याविना डांबलेल्यांची संख्या तेराशेच्या वर होती. 2024 मध्ये ती तीन हजारांच्या वर गेली. रेडक्रॉसच्या भेटी बंद झाल्या. सप्टेंबर 2025 मध्ये, सरकार कैद्यांना जगण्यापुरते अन्न देण्याचे कर्तव्यही पाळत नाही, असा निर्णय खुद्द इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाला बहुमताने द्यावा लागला. ह्यातून परिस्थिती किती पालटली ते दिसते. पूर्वी कैदी अन्न नाकारून लढत होता. जेथे अन्नच दिले जात नाही, तेथे ते नाकारण्याचे शेवटचे शस्त्रही त्याच्या हातून काढून घेतले जाते.

आणि हा कायदा कोणासाठी आहे हेही आता लपलेले नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये संरक्षणमंत्री कात्झ ह्यांनी पश्चिम किनाऱ्यावरील ज्यू वसाहतकारांना स्थानबद्ध करणे थांबवल्याचे जाहीर केले. पॅलेस्टिनींना ही सूट नाही.

आपले कर्तव्य

काही साथी विचारतात की अदनान हे इस्लामी जिहादचे होते, मग आपण त्यांच्या बाजूने का बोलावे? त्या संघटनेच्या विचाराशी आपला मूलभूत विरोध आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. परंतु न्यायालयीन चौकशीचा हक्क विचार पसंत पडलेल्यांपुरता ठेवला, तर तो हक्क राहत नाही, ती मेहेरबानी होते. पोलंडमध्ये जन्मलेल्या फेलित्सिया लांगर ज्यू होत्या आणि कम्युनिस्ट होत्या. 1967 पासून 1990 पर्यंत त्या लष्करी न्यायालयांत पॅलेस्टिनी कैद्यांचे वकीलपत्र घेत राहिल्या. अशिलाचा पक्ष कोणता, हे त्यांनी वकीलपत्राच्या आड येऊ दिले नाही.

दुसरा प्रश्न: आपल्या देशाचे प्रश्न थोडे आहेत का? जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही गाझाविषयीच्या निदर्शनाची याचिका फेटाळताना हाच सूर लावला. ह्याला आपले उत्तर असे की हा प्रश्न आपल्या देशाचाही आहे. भारतीय राज्यघटनेच्या 22 व्या कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागा आहे. 1950 साली कॉ. ए. के. गोपालन ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धतेचा कायदा उचलून धरला. मात्र स्थानबद्धतेची कारणे न्यायालयासमोर उघड करण्यास बंदी घालणारे त्यातील 14 वे कलम रद्द केले. मिसा गेला, 1980 चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. जो पॅलेस्टिनी स्थानबद्धाविषयी गप्प बसतो, त्याला उद्या घरच्या स्थानबद्धाविषयी बोलताना शब्द सापडणार नाहीत.

मग करायचे काय? शाखाशाखांतून हा विषय आकड्यांसह व नावांसह मांडा. डॉक्टर व वकील मित्रांना टोकियो आणि माल्टा घोषणांच्या आधारे निषेधपत्रे काढायला सांगा. भारत सरकारने इस्रायलशी चालवलेला शस्त्रांचा व्यवहार थांबवावा, ही मागणी प्रत्येक ट्रेड युनियनच्या ठरावात आणा. फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या बंदर कामगारांच्या महासंघाने इस्रायलसाठीचा शस्त्रास्त्रांचा माल हाताळणार नाही असे जाहीर केले होते. त्या ठरावाने वाट दाखवली आहे.

उपाशी कैद्याला आपली दया नको आहे. त्याची मागणी आपण आपल्या आवाजात पुन्हा करावी, एवढीच त्याची अपेक्षा आहे: आरोप ठेवा, नाही तर सोडा!