गिरणगावचा इतिहास कोणी लिहायचा?

(गिरणगावातील तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संक्षेप)

वरळीच्या बी. डी. डी. चाळी पाडल्या जात आहेत. 160 चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबांना 500 चौरस फुटांचे घर मिळते, याचा आनंदच मानला पाहिजे. ऑगस्ट 2025मध्ये पहिल्या 556 घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. सामायिक संडासापुढे जे कधी रांगेत उभे राहिले नाहीत, त्यांनी चाळीसाठी उसासे टाकू नयेत. परंतु खोली रिकामी करताना पोटमाळ्यावरची ट्रंक भंगारात जाते. तिच्यात आजोबांचे बदली कार्ड असते, गावकीची वही असते, भिशीचा हिशेब असतो. माझी चिंता त्या ट्रंकेची आहे.

गिरणगावचा छापील इतिहास 1854मध्ये कावसजी दावर यांनी काढलेल्या गिरणी कंपनीपासून सुरू होतो आणि 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपापाशी येऊन थांबतो. मधल्या काळात मालक, पुढारी आणि संप दिसतात. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने 1890मध्ये रविवारची सुटी मिळाली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या सुटीत कामगार काय करीत, हे मात्र कोणी विचारले नाही.

स्वेन लिंडक्विस्ट या स्वीडिश लेखकाने 1978 साली एक पुस्तक लिहिले. जिथे उभे आहात तिथेच खणा, असे त्याने कामगारांना सांगितले. कारखान्यांचे इतिहास मालकांच्या पैशाने लिहिले जातात; परंतु आपल्या कामाचा खरा जाणकार कामगारच असतो, हा त्याचा मुद्दा. आपल्याकडे मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखतींचा ग्रंथ 2004मध्ये प्रसिद्ध केला. तो वाचाच, पण तेवढ्यावर समाधान मानू नका.

आता थोडे कटू बोलतो. वस्तीचा इतिहास वस्तीनेच लिहायचा म्हटले की गणपती, भजन, कबड्डी आणि शेजारधर्म एवढेच कागदावर उतरते. हे खोटे नाही, परंतु अपुरे आहे. साचा खात्यात धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे. उष्ट्याच्या सबबीखाली अस्पृश्य कामगारांना त्या अधिक पगाराच्या खात्यात शिरू दिले जात नसे. ही बंदी केवळ मालकाची नव्हती, सहकामगारांचीही होती. 1928च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा तो लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना अडचणीचाच वाटला. जानेवारी 1974मध्ये याच चाळींत दंगल उसळली. दोन्ही बाजूंची माणसे आज म्हातारी झाली आहेत आणि कदाचित एकाच नव्या इमारतीत राहायला जाणार आहेत. त्यांच्याकडे कोण जाणार? तुम्हीच गेले पाहिजे, आणि दोघांकडेही गेले पाहिजे. आपल्या चळवळीचे त्यात फारसे बरे दिसणार नाही, याची तयारी ठेवा.

दुसरे, खानावळवाल्या बायांना विसरू नका. गावाकडून एकटे आलेले शेकडो गडी त्यांच्या भाकरीवर जगले. संपात उधारी त्यांच्याच वहीत साचली. ती वही सापडली तर तिची छायाचित्रे घ्या आणि मूळ वही तिच्या घरीच ठेवा.

येत्या रविवारी तीन खोल्यांपासून सुरुवात करू. एका खोलीत दोघांनीच जावे, त्यांपैकी एक मुलगी असावी. आणि सांगणारा गप्प झाला, तर लगेच पुढचा प्रश्न विचारू नये.