केळीच्या खांबातील धागा

जळगाव जिल्ह्यातील रावेर आणि यावल हे तालुके केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहेत. केळीचा खांब एकदाच घड देतो. घड उतरला की खांब तोडला जातो व पुष्कळदा बांधावर कुजत पडतो. त्याच्या सोपटांत मात्र बळकट धागा असतो. अंबाडीचा व घायपाताचा वाख काढून दोर वळणाऱ्या खेड्यांना ही विद्या परकी नाही. आता असा धागा प्लॅस्टिकला बळकटी देण्यासाठीही वापरता येतो.

राळेत किंवा प्लॅस्टिकमध्ये धागे घालून केलेल्या पदार्थास संमिश्र म्हणतात. भिंतीच्या मातीत गवताचे काड मिसळण्यामागील तत्त्वही तेच आहे. काड ताण सोसते, माती आकार धरते. पूर्व जर्मनीत १९५७ पासून निघालेल्या ‘ट्राबांट’ मोटारीच्या सांगाड्यावरील आवरण कापसाचे तंतू आणि फिनॉलिक राळ यांचे होते. पोलादाची टंचाई हे त्यामागील कारण होते. शिवाय वनस्पतिज धाग्याची घनता सुमारे १.३ ते १.५, तर काचतंतूची सुमारे २.५ असते. त्यामुळे वस्तू हलकी होते.

परंतु हा धागा पाणी शोषतो आणि प्लॅस्टिक पाण्याला जवळ करीत नाही, म्हणून दोहोंची पकड सैल राहते. दमट धागा तापलेल्या साच्यात गेल्यास वाफ होऊन वस्तूत पोकळ्या राहतात. सौम्य कॉस्टिक सोड्याने धुतल्यास पकड सुधारते. मात्र ते सांडपाणी तसेच नाल्यात सोडणे घातक होय.

याचा अर्थ, मालाची प्रत कारखान्यात नव्हे, तर बागेच्या बांधापासूनच ठरू लागते. शंभर किलो ओल्या खांबातून सुका धागा एखाद्या किलोच्या आसपासच मिळतो. एवढे पाणी दूरवर वाहून नेणे परवडणारे नाही. धागा गावातच काढावा लागतो. केवळ यंत्र बसविल्याने हे काम पुरे होत नाही. वाळवण, प्रतवारी, कोरडी कोठी आणि सांडपाण्याची व्यवस्था यांची तरतूद त्याच ठरावात हवी, आणि ग्राहक निश्चित झाल्यावरच यंत्राचा खर्च करणे शहाणपणाचे ठरेल.

पॉलिएस्टर राळेत बसविलेला धागा मातीत सहज कुजत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. दाराची फळी, आडोशाचे तक्ते, मोटारीतील अस्तर ही त्याची योग्य क्षेत्रे होत. मर्यादा ओळखून केलेला उद्योगच गावात टिकतो.